लायसन्सवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं

पत्र : मी सांगलीची. वय ५४, गाडी बाविसाव्या वर्षापासून चालवते. कुंभार्ली, आंबा, गगनबावडा, सगळे घाट अंगवळणी पडलेत. ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं इटलीला जातोय. रोम, फ्लॉरेन्स आणि मग चार दिवस टस्कनीतल्या खेड्यांतून गाडी भाड्याने घेऊन फिरायचं. ह्यांना (वय ६१) रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची धास्ती वाटते, म्हणून चालवणार मीच. मुलगा २३ वर्षांचा, दीड वर्षापासून जर्मनीत शिकतोय, तो तिथूनच येईल. आमचे भावजी न्यूझीलंडला आपल्या साध्या लायसन्सवर दहा दिवस गाडी चालवून आले. ते म्हणतात, लायसन्स इंग्रजीत असलं की जगात कुठेही चालतं. तरी एका साइटवर पन्नास डॉलरांत घरबसल्या ‘इंटरनॅशनल लायसन्स’ मिळतंय, ते घेऊन टाकू का? बाकी माझं लायसन्स लग्नाआधी काढलेलं, माहेरच्या नावाचं आहे. दोनदा रिन्यू केलं, पण नाव बदलायचं राहूनच गेलं. पासपोर्ट सासरच्या नावाचा. गाडी ह्यांच्या क्रेडिट कार्डावर बुक करतोय. काही अडचण नाही ना? ता. क. मी गाडी साडीतच चालवते. तिथे चालेल का?

उत्तर :

ताई, अडचण आहे, आणि ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेल्या त्या दोन ओळींत आहे. गाडी चालवणार तुम्ही, पण लायसन्सवरची बाई एक, पासपोर्टवरची दुसरी, आणि कार्डावर तर तुमचे मिस्टर. थोडक्यात, गाडीत तुम्ही असाल पण कागदोपत्री कुठेच नसाल. गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवर हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघतात. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काहींचं तर पाळण्यातलं नावही तांदळाच्या ताटात बदलून मिळतं, हे तिथल्या पोराला माहीत असायचं कारण नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही कुणा दुसऱ्याच बाईचं लायसन्स घेऊन आलेल्या आहात.

पण आधी भावजींचं. ते खोटं बोलत नाहीयेत. न्यूझीलंडमध्ये पर्यटकाचं लायसन्स इंग्रजीत असेल आणि मुदतीत असेल तर तेवढं पुरतं. ब्रिटनमध्येही भारतीय लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत साधी गाडी चालवता येते. चूक एवढीच, की ते एका देशाचा अनुभव जगभर पसरवतायत. इटलीत इंग्रजीचं काय करायचं? इटलीच्या वाहतूक कायद्याचं १३५वं कलम सांगतं, की युरोपीय संघाबाहेरचं लायसन्स असेल तर त्याच्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा, नाहीतर लायसन्सचं अधिकृत इटालियन भाषांतर हवं. ‘सोबत’ हा शब्द महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे काही वेगळं, वरच्या दर्जाचं लायसन्स नव्हे. तुमच्या मूळ लायसन्सवर काय लिहिलंय ते परक्या देशातल्या पोलिसाला वाचता यावं म्हणून दिलेलं ते अधिकृत भाषांतर आहे. नुसती पुस्तिका नेली आणि प्लॅस्टिकचं कार्ड घरी राहिलं, तर तिला काही किंमत नाही. मोबाइलमधलं डिजिलॉकरचं लायसन्स आपला ट्रॅफिक हवालदार मानतो, तिथला मानणार नाही. कार्ड पर्समध्ये हवं.

प्रत्येक देशाचं वेगळं असतं, म्हणून पुढेमागे दुसरीकडे गेलात तर भावजींना किंवा मला न विचारता त्या देशाचा नियम बघा. जपान फक्त १९४९च्या जिनिव्हा करारानुसार काढलेला परवाना मानतो. सुदैवाने आपला त्याच कराराचा आहे. चीनच्या मुख्य भूमीत आंतरराष्ट्रीय परवाना चालतच नाही. दुबईला भाच्याकडे फिरायला गेलात तर भारतीय लायसन्स आणि हा परवाना मिळून भाड्याची गाडी मिळते, पण भाचा तिथे रेसिडेन्स व्हिसावर असेल तर त्याला मात्र तिथलंच लायसन्स लागतं. अमेरिकेत राज्याराज्याचे नियम निराळे.

आता ती पन्नास डॉलरवाली साइट. तिच्याकडे वळूही नका. आंतरराष्ट्रीय परवाना तुमचं लायसन्स ज्या देशाचं आहे त्याच देशाने द्यायचा असतो, आणि भारतात तो आरटीओ देतं. सरकारी फी १००० रुपये. त्या साइटवाल्यांचं कार्ड दिसायला फार झकास असतं, पृथ्वीचा गोल, होलोग्राम, दहा भाषा. पण कायद्यापुढे त्याची किंमत भिशीच्या कार्डाएवढी. आणि यातली खरी मेख अशी की काउंटरवरचा पोरगा ते बघून कदाचित किल्लीही देईल. कधी कधी तर ते काहीच विचारत नाहीत. विचारतो तो नंतरचा माणूस. रस्त्यात अडवलं तर पोलीस विचारतो, ठोकलं तर विमा कंपनी विचारते, आणि तेव्हा तुमच्या हातात योग्य कागद नसेल तर गाडीच्या दुरुस्तीचा आकडा तुमच्याच अंगावर. किल्ली मिळाली म्हणजे कागद बरोबर होते, असं समजू नका.

तर क्रमाने काय करायचं ते सांगते. क्रम मोडला की सगळं फिरून पहिल्यापासून.

सगळ्यात आधी लायसन्सवरचं नाव. परिवहनच्या ‘सारथी’ पोर्टलवर ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये नावबदलाचा पर्याय आहे. विवाह नोंदणीचा दाखला लागेल. तुमचं पहिलं नावही बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद तयार ठेवा. अर्ज भरण्याआधी आधार कार्ड काढून बघा, कारण पोर्टलवरची ओळख बरीचशी त्याच्यावर चालते. तिथेही माहेरचं नाव निघालं तर पहिली पायरी आधार केंद्राची. आणि नवं नाव पासपोर्टात जसं आहे तसंच, अक्षरासकट, घ्या. आपल्याकडे एकाच आडनावाची स्पेलिंगं तीन असतात आणि आपल्याला ती सगळी बरोबर वाटतात. तुमचं शेवटचं नूतनीकरण पन्नाशीनंतरचं असेल तर लायसन्स साठाव्या वर्षापर्यंत मुदतीत असणार, पण कार्डावरची तारीख एकदा डोळ्यांनी बघा. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षाचा मिळतो, आणि त्याआधी लायसन्सच संपत असेल तर तिथपर्यंतच.

नवं कार्ड पोस्टाने घरी आलं की त्याच पोर्टलवर परवान्याचा अर्ज, फॉर्म ४ए. पासपोर्ट आणि तिकीट यांच्या प्रती मागतात. पूर्वी व्हिसाही लागायचा आणि तिथे बरेच लोक अडकायचे, कारण तो शेवटच्या आठवड्यात हातात पडायचा आणि आरटीओच्या खेपा करायला दिवस उरत नसत; २०२१मध्ये ती अट काढून टाकली. तरी व्हिसा लांबवू नका. शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे ऑक्टोबरसाठी तुम्ही आत्ताच करू शकता. करा. परवाना आला की नाव, जन्मतारीख आणि गाडीचा वर्ग लायसन्सशी ताडून पाहा, खिडकीवरून हलण्याआधी.

मग कार्ड. भाड्याच्या गाडीसाठी क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं हवं असतं. मिस्टरांच्या कार्डावर बुकिंग केलंत आणि चालक म्हणून तुमचं नाव टाकलंत, तर काउंटरवर बहुधा दोनच पर्याय समोर येतील: मिस्टरांना मुख्य चालक करा (म्हणजे त्यांचं लायसन्स, त्यांचा परवाना, जो त्यांनी काढलेलाच नाही), नाहीतर गाडी विसरा. त्यांच्याच खात्यावर तुमच्या नावाचं ऍड-ऑन कार्ड काढून घ्या, तुमचं नाव छापलेलं. डेबिट कार्ड आणि प्रवासासाठी पैसे भरून नेतो ती फॉरेक्स कार्डं यांच्यावर अवलंबून राहू नका, अनामत रकमेसाठी ती बऱ्याच ठिकाणी नाकारतात. ही अनामत कापत नाहीत, कार्डावर अडकवून ठेवतात, आणि गाडी परत केल्यावर सुटायलाही काही दिवस जातात. तेवढी मर्यादा शिल्लक ठेवा, नाहीतर त्याच कार्डावर फ्लॉरेन्सचं हॉटेल भरायला जाल आणि मशीन नाही म्हणेल. आणखी एक, बँकेच्या ऍपमध्ये परदेशातले व्यवहार सुरू आहेत का ते बघा. २०२०पासून नवी कार्डं मुळात देशातल्या वापरापुरतीच सुरू असतात.

विम्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते त्या त्या करारातच वाचायचं असतं. एवढंच, की प्रवास विमा म्हणजे गाडीचा विमा नव्हे. आणि गाडीच्या भाड्यात धरलेल्या विम्यातही पहिला काही शे-हजार युरोंचा भार तुमचाच असतो, वर काच, टायर, गाडीचं पोट हे बरेचदा वगळलेलं. टस्कनीतल्या दगडी भिंती रस्त्याला इतक्या चिकटून आहेत की रिमला ओरखडा हा जवळजवळ प्रसादच. गाडी ताब्यात घेताना चारही चाकांचे, आरशांचे, बंपरच्या खालच्या कडेचे फोटो काढा, तारीख-वेळेसकट. परत देतानाही.

गाडी ऑटोमॅटिक मागा, आणि बुकिंगच्या वेळीच मागा. युरोपात न सांगता मिळते ती गिअरची, आणि तिथे गिअर उजव्या हाताला. घाटात तुमचा डावा हात ज्या सवयीने गिअरकडे जातो, तो तिथे दाराच्या हँडलवर आपटेल. उजव्या बाजूने चालवायची भीती मात्र दोन तासांत जाते. एकच खूण धरायची: इथल्यासारखंच तिथेही चालवणारा माणूस रस्त्याच्या मध्याकडे असतो, शेजारचा कडेला. मिस्टर गटाराच्या बाजूला दिसताहेत तोवर तुम्ही बरोबर चालला आहात. चूक होते ती सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. वळणदर्शक दांडी आपल्या मारुती-ह्युंदाईत उजवीकडे असते, तिथे डावीकडे. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर वायपर सुरू होतील, लख्ख उन्हात. होऊ द्या, मागचे लोक समजतात की पाहुणे आलेत.

पंपावर एक नाव पाठ करून जा. ‘गासोलियो’ म्हणजे डिझेल. अमेरिकन सिनेमे बघून आपल्याला ते पेट्रोल वाटतं. पेट्रोल म्हणजे ‘बेन्झीना’. टोलनाक्यावर पिवळ्या पाटीच्या रांगेत शिरू नका, ती त्यांच्या फास्टॅगसारख्या यंत्रवाल्यांसाठी आहे. निळी कार्डाची, पांढरी रोखीची. वेगमर्यादा टोलच्या हमरस्त्यावर १३०, पाऊस असेल तर ११०, गावात ५०.

पण टस्कनीत आपल्या लोकांना खरा फटका बसतो तो वेगाचा नाही. तो बसतो ‘झेड-टी-एल’चा, आणि त्याबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकते, कारण तो मी खाल्लाय.

झेड-टी-एल म्हणजे जुन्या शहराच्या आतला भाग, जिथे ठरावीक वेळी फक्त परवानगी असलेल्या गाड्या जातात. फ्लॉरेन्स, रोम, पिसा, सिएना, सगळीकडे आहे. फाटक नसतं, अडवणारं कुणी नसतं. पांढरी गोल पाटी, तिला लाल कड, वर नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा, आणि शेजारी एक दिव्यांची पाटी: ‘वार्को आत्तीवो’. मी सात वर्षांपूर्वी फ्लॉरेन्समध्ये संध्याकाळी हॉटेल शोधत होते, फोनमधली बाई डावीकडे वळ म्हणाली, पाटीवर ‘आत्तीवो’ दिसलं. ऍक्टिव्ह, म्हणजे सुरू, म्हणजे जायला हरकत नाही, असा मी अर्थ लावला. अर्थ नेमका उलटा. वार्को म्हणजे प्रवेशद्वार, आणि ते आत्तीवो म्हणजे कॅमेऱ्याचा पहारा सुरू आहे, आत येऊ नका. मी आत गेले, रस्ता चुकले, बाहेर पडून दुसऱ्या गल्लीने पुन्हा आत गेले. तो दुसरा गुन्हा. पुण्याला परत येऊन दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि कार्डाच्या हिशेबात गाडीच्या कंपनीने दोनदा पैसे कापलेले दिसले. तो दंड नव्हताच, माझं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची त्यांची फी! खरा दंड त्यानंतर रजिस्टर पाकिटातून आला, प्रत्येक फेरीचा शंभर युरोंच्या आसपास. परदेशी माणसाला अशी नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात, त्यामुळे घरी पोचल्यावर दोन महिने काही आलं नाही म्हणून सुटलो असं मानू नका.

म्हणून फ्लॉरेन्समध्ये असेपर्यंत गाडी घेऊच नका. शहर पायी बघायचं आहे. टस्कनीला निघायच्या सकाळी सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनपासून टी-२ ट्राम पकडा, ती थेट पेरेतोला विमानतळावर जाते, गाडी तिथून घ्या आणि तिथेच परत करा. म्हणजे जुन्या शहराशी गाडीचा संबंधच येत नाही. पुढे सिएनाला जाताना घाई नसेल तर हमरस्ता सोडून किआन्तीमधून जाणारा २२२ नंबरचा रस्ता घ्या. आंबा घाट चालवणाऱ्या बाईला तो आवडेल. गावांत शिरताना कोटाच्या भिंतीबाहेर पार्किंग असतं, तिथेच गाडी लावायची. जमिनीवरची पांढरी रेघ फुकट, निळी पैसे भरून, पिवळी आपली नव्हे. हॉटेल कोटाच्या आत असेल तर आधी मेल करून विचारा, तुमच्या गाडीचा नंबर ते नोंदवून देतात का. वाटेत द्राक्षमळ्यांवर चाखायला देतील. मिस्टरांना चाखू द्या. रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, म्हणजे एक पेला संपवण्याआधी तुम्हाला हिशेब करावा लागेल, त्यांना नाही.

मुलाचं विचारलंत तर त्याला स्टिअरिंगपासून लांबच ठेवा. जर्मनीत राहायला लागल्यापासून साधारण सहा महिने संपले की तिथे भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येत नाही. त्याला दीड वर्ष झालंय. इटलीत तो पाहुणा आहे हे खरं, पण काउंटरवर जर्मनीचा पत्ता आणि भारताचं लायसन्स यावर वाद घालत उभं राहायचं, वर पंचविशीच्या आतल्या चालकाचा रोजचा अधिभार भरायचा, चार दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्याला नकाशा धरायला बसवा. मात्र एक पक्कं ठरवा: तुम्ही दमलात, रस्ता सरळ आहे, ‘आई, जरा मला दे’ असं तो म्हणाला, तरी द्यायची नाही. करारात ज्याचं नाव नाही त्याने चालवली की विमा गेला, मग तो कितीही चांगला चालवत असो.

राहिली साडी. इटालियन कायद्यात साडीबद्दल अवाक्षर नाही, खुशाल नेसा. फक्त आपल्या गाडीत सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून येतो आणि तिथे डाव्या. पदर तिथेच, आणि पदराची पिनही तिथेच. मला हे सिएनाला पोचेपर्यंत चाळीस किलोमीटर टोचत होतं, तेव्हा कळलं. पिन जरा मागे, पाठीकडे लावा.